मोटारींचा जीर्णोद्धार आणि सत्याचा प्रश्न

जुन्या वस्तूचा उद्धार करावयाचा म्हणजे तिच्यातील काय राखावयाचे आणि काय टाकावयाचे याचा निवाडा करावयाचा. हा निवाडा करणारा मनुष्य, त्याला जाणीव असो वा नसो, टीकाकाराचेच काम करीत असतो. ग्रंथपरीक्षकाचा अभिप्राय चुकला तरी ग्रंथ शाबूत राहतो. जीर्णोद्धारकाचा अभिप्राय चुकला तर वस्तूच नाहीशी होते. जीर्णोद्धार हा शब्द आपल्या वाचकांना देवळांमुळे परिचयाचा आहे. जुना चौथरा ठेवावा की नवी फरशी घालावी, याचा खल देवस्थानच्या बैठकीत त्यांनी पुष्कळदा ऐकला असेल. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र देऊळ नसून मोटार आहे. अमेरिकेत १९६४ ते १९७४ या दशकात निघालेल्या आणि ‘मसल कार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बलदंड मोटारी आज हौशी लोक विकत घेतात, एकेकाच्या पदरी अशा तीन-चार गाड्या असतात, आणि त्या पूर्ववत् करण्यात त्यांच्या आयुष्याची वर्षे जातात. या छंदाचे परीक्षण करावे असे वाटले, याचे कारण एवढेच की, जुन्याचा उद्धार म्हणजे नेमके काय, हा प्रश्न येथे फार स्वच्छ रूपात समोर येतो. यंत्राच्या बहुतेक प्रमुख भागांवर आकडा असतो, तारीख असते. भावनेच्या धुक्यात लपावयास तेथे जागा थोडी.

प्रथम या मोटारींची जन्मकथा पाहू, कारण पुढील सारे वाद तिच्यातच बीजरूपाने आहेत. जनरल मोटर्स या कंपनीचा आपल्या शाखांना असा दंडक होता की, मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये. पाँटिअक ही त्या कंपनीचीच एक शाखा. तिचे प्रमुख अभियंते जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी या दंडकातून वाट काढली. दंडक नव्या गाडीला लागू होता. जुन्या गाडीवर ग्राहकाने मागून घेतलेल्या जादा सामानाविषयी त्यात शब्द नव्हता. तेव्हा १९६४ च्या ‘टेम्पेस्ट ल मान्स’ या गाडीवर सुमारे ३०० डॉलर अधिक देऊन मागविता येईल असे एक जादा सामान त्यांनी जाहीर केले. त्या सामानात ३८९ घनइंचांचे, ३२५ अश्वशक्तीचे इंजिन होते आणि त्याचे नाव होते ‘जीटीओ’. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता; पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. कायद्याच्या शब्दाला धरून त्याच्या हेतूला बगल देण्याचे हे कसब वकिलीच्या व्यवसायात नित्य पाहावयास मिळते. पण त्यातून एक संपूर्ण वाहनप्रकार जन्मास आल्याचे उदाहरण विरळाच.

पाठोपाठ इतरांनीही तोच पाक केला : साधी, स्वस्त, मध्यम आकाराची काया आणि तिच्या पोटात थोरल्या गाडीचे इंजिन. शेव्हरोलेची ‘शेव्हेल एसएस’, डॉजची ‘चार्जर’, प्लिमथची ‘रोड रनर’ ही त्यांतील ठळक नावे. फोर्डच्या ‘मस्टँग’ला काटेकोर लोक निराळ्या वर्गात घालतात, पण तिच्या मोठ्या इंजिनाच्या आवृत्त्या या मेळाव्यात आपोआपच येऊन बसतात. क्रायस्लर कंपनीचे ४२६ घनइंचांचे ‘हेमी’ इंजिन कागदोपत्री ४२५ अश्वशक्तीचे होते. या गाड्या सरळ रस्त्यावर भन्नाट धावत. वळणावर मात्र त्यांची तारांबळ उडे, आणि पुष्कळांचे जुन्या पद्धतीचे ड्रम-ब्रेक एवढ्या वेगाला पुरे पडत नसत. त्यांच्या भक्तांनी काहीही म्हटले तरी कलाकृती म्हणून त्यांची बाजू लंगडीच आहे. त्यांचे खरे मोल निराळे आहे. पेट्रोल स्वस्त, रस्ते रुंद आणि भविष्याविषयी मनात शंका नाही, अशा एका समाजाची ती हुबेहूब प्रतिमा आहे. ती अवस्था फार टिकली नाही. १९७० साली हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला, तरुण चालकांवरील विम्याचे हप्ते चढले, १९७१ साली जनरल मोटर्सने आपल्या इंजिनांचा दाब उतरविला आणि ऑक्टोबर १९७३ मधील तेलबंदीने उरलेसुरले संपविले. पुढे प्लिमथ हे नाव २००१ साली आणि पाँटिअक २०१० साली बाजारातून गेले. डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमक येथील डॉजचा अवाढव्य कारखाना १९८० साली बंद पडून जमीनदोस्त झाला. कारखाना गेला, नाव गेले. त्या काळाचे दस्तऐवज म्हणून हाती राहिल्या त्या या गाड्याच. म्हणून त्यांचा जीर्णोद्धार ही केवळ मालकाची खासगी हौस राहत नाही.

आता या कामाचे स्वरूप पाहा. अशी गाडी विकत घेतली जाते तेव्हा ती बहुधा एखाद्या कोठारात वा झाडाखाली वर्षानुवर्षे उभी असते. जुन्या मस्टँगमध्ये काचेखालच्या पन्हळीत पावसाचे पाणी साचते, तेथील पत्रा कुजतो आणि पाणी आत गळून पायाखालचा तळही खाते. डिकीचा तळ आणि मागील चाकांवरची बाजू हीही गंजाची आवडती ठिकाणे. वरून रंग चकाकत असतो आणि आत पत्र्याच्या जागी बोटभर पुटी भरलेली असते. म्हणून जाणता हौशी प्रथम गाडीभोवती लोहचुंबक फिरवितो. जेथे तो चिकटत नाही तेथे पत्रा नाही. मग गाडी उघडावयाची, प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावयाचे, प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावून पिशवीत ठेवावयाचा. वाळूच्या माऱ्याने गंज काढताना हात जड पडला तर बोनटचा सपाट पत्रा वाकतो, आणि तो पुन्हा सरळ करणे नव्या पत्र्याहून कठीण जाते. कुजलेला भाग कापून नवा जोडावयाचा, दारांच्या फटी सारख्या करावयाच्या, मगच रंगाला हात घालावयाचा. इंजिनाचे निराळेच. जुन्या पेट्रोलमधील शिसे झडपांच्या बैठकीला सांभाळून घेत असे. अमेरिकेत १९९६ पासून रस्त्यावरील गाड्यांसाठी ते पेट्रोल बंद झाले. त्यामुळे इंजिन उघडले की तेथे कठीण धातूच्या बैठका बसविण्याचा प्रघात पडला आहे. म्हणजे नुसते ‘पूर्ववत्’ करू म्हटले तरी काही ठिकाणी पूर्वीहून निराळे करणे भागच पडते.

एका गाडीचे हे काम नेटाने केले तरी वर्षे घेते. अशा तीन-चार गाड्या एकाच वेळी उघडून बसणाऱ्यांविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. त्यांच्या उत्साहाबद्दल शंका नाही. परंतु अनेक अपुऱ्या गाड्यांची मालकी ही बहुतांशी आशेची मालकी असते. गाडी चालविण्याचा आनंद तिच्यात नाही आणि काम पुरे केल्याचे समाधानही नाही. पहिलीच्या गंजाने कंटाळा आला की दुसरी आणावयाची, दुसरीचे इंजिन अडले की तिसरीकडे वळावयाचे, असा क्रम सुरू होतो. त्याहून गंभीर दोष पुढे आहे. या छंदात एक गाडी बळी देऊन तिच्या भागांवर दुसरी उभी करण्याची रूढी आहे. एकीचे दार दुसरीला, दुसरीचा गिअरबॉक्स तिसरीला, असे होता होता कोणता भाग कोणाचा हे खुद्द मालकालाही सांगता येईनासे होते. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांचा न्यासांशी संबंध येतो. त्यांना दोन न्यासांच्या निधींची सरमिसळ करू नये हा विश्वस्ताचा पहिला नियम ठाऊक आहे. पैसा खाल्ला नाही, केवळ मिसळला, एवढा खुलासा तेथे पुरेसा धरीत नाहीत. कारण मिसळल्यावर हिशेबच देता येत नाही. तीच गोष्ट येथे. चार गाड्यांचे भाग एका ढिगात टाकणाऱ्याने कोणाला फसविले नसेल, परंतु चार साक्षीदारांच्या जबान्या त्याने एकमेकींत कालवून टाकल्या आहेत.

साक्षीचा हा प्रश्न या बाजारात फार महत्त्वाचा आहे. गाडीची किंमत ठरते ती तिचे मूळ इंजिन तिच्यातच आहे की नाही यावरून. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन कारखाने गाडीच्या क्रमांकाचा काही भाग इंजिनाच्या ठोकळ्यावर उमटवीत असत. तो आकडा आणि गाडीवरील पट्टीचा आकडा जुळला तर गाडी ‘जुळत्या क्रमांकांची’ ठरते आणि तिची किंमत कितीतरी वाढते. जेथे किंमत वाढते तेथे कारागिरी वाममार्गाला लागतेच. ठोकळ्याचा पृष्ठभाग घासून जुना आकडा उडवावयाचा आणि सोयीचा नवा उमटवावयाचा, हा उद्योग या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे. ते ओळखणारे तज्ज्ञ मग आकड्याकडे पाहत नाहीत. कारखान्यातील यंत्राने त्या पृष्ठभागावर सोडलेल्या बारीक रेघा शिल्लक आहेत का, हे पाहतात. अमेरिकेच्या १९८४ च्या एका संघीय कायद्याने वाहनाचे ओळखक्रमांक जाणूनबुजून बदलणे हा गुन्हा ठरविला आहे. त्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

येथे जीटीओच्या जन्मकथेकडे पुन्हा वळावे लागते. ही गाडी १९६४ आणि १९६५ साली स्वतंत्र वाण नव्हतीच. ती केवळ जादा सामान होती. त्यामुळे त्या दोन वर्षांच्या गाडीच्या क्रमांकात ती जीटीओ असल्याची खूणच नाही. अस्सल जीटीओ आणि साधी ल मान्स यांचे क्रमांक एकाच घडणीचे. स्वतंत्र खूण आली ती १९६६ पासून. ज्या युक्तीने गाडी जन्मली त्याच युक्तीने तिला जन्मदाखल्यावाचून ठेवले. आज साध्या ल मान्सला जीटीओचे इंजिन आणि नावाच्या पट्ट्या लावून उभी करणे अवघड नाही. खरे-खोटे ठरते ते पाँटिअकच्या जतन झालेल्या मूळ विक्रीनोंदींवरून. इतर गाड्यांच्या बाबतीत कारखान्यातील जुळणीचा कागद कधी बैठकीच्या स्प्रिंगांत, कधी गालिच्याखाली सापडतो. कामगाराने सहज तेथे राहू दिलेला तो चिटोरा आज गाडीच्या निम्म्या किमतीचा पुरावा ठरू शकतो. आपल्या गाडीची हुबेहूब नक्कल केली आहे असे उघड सांगणाऱ्यावर माझा आक्षेप नाही. ती एक प्रामाणिक प्रतिकृती आहे. आक्षेप आहे तो न सांगणाऱ्यावर.

खोटेपणाचा याहून सूक्ष्म प्रकार मात्र प्रतिष्ठित समजला जातो आणि त्याला बक्षिसेही मिळतात. तो म्हणजे अतिजीर्णोद्धार. स्पर्धेतील गाडीचा खालचा भागसुद्धा आरशासारखा असतो. कारखान्यातून ती अशी कधीच बाहेर पडली नव्हती. हा आक्षेप पुढे आल्यावर काही जीर्णोद्धारक उलट टोकाला गेले. कारखान्यातील तपासनिसाने खडूने ओढलेल्या खुणा, घाईत उडालेले रंगाचे शिंतोडे, ओघळलेला थेंब, हे सारे आता जुनी छायाचित्रे पाहून मुद्दाम पुन्हा काढले जाते. पाळी संपविण्याच्या घाईत कामगाराने क्षणात ओढलेली रेघ तंतोतंत वठविण्यासाठी आजचा कारागीर तास तास घालवितो. त्याच्या अभ्यासाचे आणि हाताचे कौतुक केलेच पाहिजे. तरीही प्रश्न उरतो : ही रेघ कशाची साक्ष देते? मूळ रेघ एका माणसाच्या घाईची साक्ष होती. नवी रेघ त्या घाईचे सुंदर सोंग आहे. सोंग म्हणून ती उत्तम. पण उद्या तिच्यावरून कारखान्याचा इतिहास कोणी लिहावयास बसला तर तो फसेल.

याच्या विरुद्ध बाजूचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६८ च्या ‘बुलिट’ या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून जी हिरवी मस्टँग पिटाळतो, तिचा तो पाठलाग दहा मिनिटांहून अधिक चालतो. चित्रपटासाठी अशा दोन गाड्या घेतल्या होत्या. त्यांतील एक १९७४ साली एका सामान्य गृहस्थाने जाहिरात वाचून ६,००० डॉलरला घेतली. ती घरची रोजची गाडी म्हणून वापरली गेली आणि पुढे कित्येक वर्षे बंद पडून राहिली. मॅक्वीनने ती परत मागितली, तरी मालकाने दिली नाही. २०१८ च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली, तेव्हा तिच्या घरच्यांनी यंत्र चालते केले होते. परंतु विटलेला रंग आणि ओरखडे यांना हात लावला नव्हता. चित्रणाचे कॅमेरे बसविण्यासाठी खाली वेल्डिंगने जोडलेले आधारही तसेच होते. गाडी तीच, याची ती निःशब्द जबानी होती. दोन वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, फ्लॉरिडातील लिलावात तिची बोली ३४ लाख डॉलरवर थांबली. शुल्क धरून किंमत झाली ३७ लाख ४० हजार. एखाद्या उत्साही जीर्णोद्धारकाच्या हाती ती पडली असती तर ते आधार त्याने प्रथम कापून काढले असते आणि मग तितक्याच हिरव्या शेकडो मस्टँगांत आणखी एकीची भर पडली असती.

यावर कोणी म्हणेल की, हे तर मळाचे पूजन झाले. मोटार ही चालण्यासाठी आहे. कुजलेल्या तळाची आणि विटलेल्या ब्रेकची गाडी जशीच्या तशी ठेवा म्हणणे म्हणजे तिचे प्रेत जपणे होय. हा आक्षेप मला मान्य आहे. ज्या तळातून खालचा रस्ता दिसतो तो बदललाच पाहिजे. बुलिटची गाडी आपल्या इतिहासामुळे अपवाद आहे. तो नियम केला तर हजारो गाड्या भंगारातच जातील. मग भाग बदलत गेल्यावर गाडी तीच राहते का? कॅमारो आणि मस्टँग यांचे संपूर्ण नवे सांगाडे आज विकत मिळतात. जुन्या गाडीची केवळ क्रमांकाची पट्टी उरली तरी ती तीच म्हणावयाची का?

हा प्रश्न एकदा न्यायालयापुढे आला आहे. गाडी अमेरिकन नसून इंग्लिश होती एवढेच. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाची बेंटली १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकली होती. पुढे शर्यतींसाठी तिच्यात फेरफार झाले, १९३२ साली ब्रुकलँड्स येथे अपघात होऊन चालक ठार झाला, नंतर तिला नवे शरीर मिळाले. १९९० साली ती एक कोटी पौंडांस विकण्याचा करार झाला आणि ही ती गाडीच नव्हे असे म्हणून खरेदीदाराने अंग काढून घेतले. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. त्यांच्या विवेचनाचा सारांश असा की, गाडी ‘मूळ’ स्वरूपात राहिलेली नाही, कारण विजयी गाडीचा फार थोडा अंश तिच्यात आहे. तथापि ती ‘अस्सल’ आहे, कारण तिचे अस्तित्व कधी खंडित झाले नाही आणि प्रत्येक फेरफार एकाच अखंड वस्तूवर, लोकांच्या डोळ्यांदेखत होत गेला. मूळपणा द्रव्याचा असतो, अस्सलपणा वृत्तांताचा असतो. या एका भेदाने आपल्या विषयातील निम्मे वाद मिटतात.

आपल्या देशातही २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या, वारसा म्हणून जपलेल्या वाहनांसाठी निराळी नोंदणी आली. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. सांगाडा, बाह्यकाया वा इंजिन यांत भरीव फेरफार केलेला नसावा, अशी तीत अट आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु जीर्णोद्धाराचे वर्णन वर वाचलेल्यांच्या ध्यानात येईल की, भरीव फेरफार आणि आवश्यक दुरुस्ती यांच्यामधली सीमारेषा शेवटी नोंदीवाचून आखता येणार नाही. कुजलेला तळ त्याच मापाच्या पत्र्याने बदलला, हे दाखविण्यास मालकाजवळ छायाचित्र हवे, तारीख हवी, काढलेल्या पत्र्याचा तुकडा असल्यास उत्तमच.

माझे म्हणणे इतकेच आहे. गाडीचा उद्धार करणाऱ्याने जे धड आहे ते राखावे, जे राखता येत नाही ते निःशंकपणे बदलावे, आणि काय बदलले ते लिहून ठेवावे. दुसरी गाडी उघडण्यापूर्वी पहिली रस्त्यावर आणावी. ते जमणार नसेल तर दुसरी, तिचे सारे भाग आणि कागद एकत्र ठेवून, ज्याला जमेल त्याच्या स्वाधीन करावी. एका गाडीतून दुसरीत भाग गेला तर दोहींच्या वहीत नोंद व्हावी. या वहीला खर्च जवळजवळ नाही. तिला लागतो तो स्वभाव. रंगाच्या शेवटच्या हातासाठी वर्ष घालविणारा मनुष्य संध्याकाळी दोन ओळी लिहावयाचा कंटाळा करतो, याचे कारण रंग लोकांना दिसतो आणि वही दिसत नाही.

परंतु गाडी मालकाहून अधिक जगते. १९६४ ची गाडी आज साठीच्या पुढे गेली आहे. तिने चार-पाच मालक पाहिले असतील आणि आणखी तितकेच पाहील. आजचा मालक तिच्या साखळीतील एक कडी आहे. त्याच्यामागून येणारा त्याच्या रंगाला नावे ठेवील, कदाचित तो खरवडूनही काढील; पण त्याने लिहिलेल्या वहीवर त्याला विसंबून राहावे लागेल. तेवढ्यासाठी तरी ती खरी असली पाहिजे.